दोन साप्ताहिके, एक दिवस

दिवाळी अंक छापून झाला की खरी धावपळ सुरू होते ती गठ्ठ्यांची. सांगलीचा वेगळा, नागपूरचा वेगळा, बेळगाव, बडोदे, इंदूरचे वेगळे. सुतळीची दुहेरी गाठ, वर पत्त्याची चिठ्ठी. मग काही एसटीने, काही टपालाने. गठ्ठा वाटेत कोणी अडवला तर आतला मजकूर छापून न छापल्यासारखाच. सर्वोच्च न्यायालयाने हे २६ मे १९५० रोजी मान्य केले. प्रसाराचे स्वातंत्र्य नसेल तर अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य पोकळ ठरते, असे त्या निकालाचे सार. निमित्त होते ‘क्रॉस रोड्स’ या मुंबईतून निघणाऱ्या डाव्या विचारांच्या इंग्रजी साप्ताहिकाचे. मद्रास सरकारने १ मार्चला आपल्या प्रांतात त्याच्या प्रवेशावर आणि वितरणावर बंदी घातली होती.

सरकारला भीती वाटावी असे त्या काळात बरेच काही घडत होते, हे मान्य केलेच पाहिजे. १९४८ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाची सूत्रे आपल्या मुंबईच्या बी. टी. रणदिव्यांकडे आली आणि पक्षाने उठावाचा मार्ग धरला. तेलंगणात शेतकऱ्यांच्या हातात बंदुका होत्या. पण भीतीने सरकारच्या हातून काय झाले, तेही पाहायला हवे. ११ फेब्रुवारी १९५० रोजी मद्रास प्रांतातल्या सेलमच्या मध्यवर्ती तुरुंगात पोलिसांच्या गोळीबारात बावीस कैदी ठार झाले. ते कम्युनिस्ट होते आणि सरकारच्याच कोठडीत होते. यावर बोलणारे वृत्तपत्र त्या प्रांतात येऊच नये, अशी व्यवस्था तीन आठवड्यांच्या आत झाली.

‘क्रॉस रोड्स’चे संपादक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी बहुमताच्या वतीने लिहिले, की राज्याची सुरक्षितता धोक्यात येणे वेगळे आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला धक्का लागणे वेगळे. दुसऱ्या कारणासाठी वृत्तपत्राचे तोंड बांधण्याची मुभा संविधान देत नाही. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने आणखी एका साप्ताहिकाच्या बाजूने निकाल दिला. ते होते दिल्लीचे ‘ऑर्गनायझर’, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांचे. त्याचा मजकूर छापण्याआधी तपासून घेण्याचा हुकूम दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी काढला होता, तो रद्द झाला. ही दोन साप्ताहिके एकमेकांना पाण्यात पाहणारी, पण दोघांची सुटका झाली ती अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या एकाच कलमाने. हे दोन निकाल आमच्या मते शाळेच्या पाठ्यपुस्तकात शेजारी शेजारी असायला हवेत.

सरकारने मात्र सुमारे वर्षभरात संविधानच बदलले. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती अमलात आली आणि अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याच्या कारणांत सार्वजनिक सुव्यवस्था दाखल झाली. नेहरू तिच्या बाजूने, कायदेमंत्री म्हणून डॉ. आंबेडकरही तिच्या बाजूने. कडाडून विरोध केला तो श्यामाप्रसाद मुखर्जींनी. निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अट त्याच दुरुस्तीने घातली, हेही सांगायला हवे. तरी दार किलकिले झाले ते झालेच.

आणि ज्यांची एवढी भीती होती, त्यांचे पुढे काय झाले? ऑक्टोबर १९५१ मध्ये तेलंगणातला सशस्त्र लढा मागे घेतला गेला. त्यामागे लष्करी कारवाईचा रेटा होताच. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेटीही खुली होती. नलगोंड्याचे कम्युनिस्ट नेते रवि नारायण रेड्डी नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन निवडून आले. ज्यांची स्थानबद्धता सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये कायम ठेवली होती, ते ए. के. गोपालन लोकसभेत कम्युनिस्ट गटाचे नेते झाले. बंदुकीवर विश्वास ठेवणारा पक्ष सभागृहात प्रश्न विचारू लागला. हे घडले ते त्याला मते मागू दिली म्हणून.

हे सगळे आज आठवण्याचे कारण आपल्या दारातले आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावर बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या होत्या. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, असे सरकार सांगते. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. त्यांच्या घरच्यांना तोंड दाखवता येणार नाही असे एक अक्षरही आम्ही लिहिणार नाही. असे स्फोट घडवणाऱ्या माओवादी पक्षावर २००९ पासून केंद्राची बंदी आहे, आणि खुनाला, स्फोटाला, खंडणीला कायदे आहेत. आम्हाला काळजी वाटते ती विधेयकातल्या व्याख्येची. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा येण्याकडे झुकणारी कृती, प्रस्थापित कायदा न पाळण्याचा उपदेश, हे सगळे तिच्यात बसते. १९३० साली शिरोड्याला मीठ उचलायला निघालेल्यांनी गावोगाव दुसरा कोणता उपदेश केला होता? उद्या धरणग्रस्तांचा मोर्चा, कारखान्याच्या फाटकावरची सभा, एखादी पुस्तिका या व्याख्येत बसवायला कितीसा वेळ लागेल? बोलण्याबद्दलचे हे शब्द व्याख्येतून काढून टाकावेत आणि बंदीला प्रत्यक्ष हिंसेचा पुरावा लागावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

याच विषयावर या अंकात दोन लेख आहेत: एक गडचिरोलीत नोकरी केलेल्या पोलीस अधिकाऱ्याचा, दुसरा उभे आयुष्य लाल बावट्याखाली काढलेल्या कामगार कार्यकर्त्याचा. दोन्ही लेखांतली बरीच मते आम्हाला पटलेली नाहीत. तरी एकाही वाक्याला कात्री लावलेली नाही. वाचकांची उत्तरे आली तर ती वसंत अंकात छापू.