कपाटातला आयर्न मॅन, बँकेतली एफडी

पगार झाला की पहिल्या आठवड्यात काय काय सुचतं! कुणाला नवा फोन, कुणाला लडाखची ट्रिप. हल्ली ऑफिसात एक तिसरी जमातही दिसते. ही मंडळी तीस-चाळीस हजारांचा बाहुला मागवतात. सॉरी, बाहुला म्हणायचं नाही, 'फिगर' म्हणायचं. घरचे भडकले की उत्तर तयार असतं, "अगं आई, हा खर्च नाहीये, इन्व्हेस्टमेंट आहे!"

खरंच आहे का?

आधी चीज काय आहे ते बघू. हाँगकाँगची हॉट टॉइज ही कंपनी २००० साली सुरू झाली. खऱ्या मापाच्या एक षष्ठांश, म्हणजे साधारण फूटभर उंचीच्या फिगर्स ती बनवते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यांतली चमक, मापात शिवलेले कपडे, हवे तसे वाकणारे हातपाय... हातात घेतल्यावर 'खेळणं' म्हणायची हिंमत होत नाही. किंमत साधारण २५० ते ४०० डॉलर. काम जबरदस्त, त्यात वादच नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याचा, 'पाच वर्षांत डबल होईल बघ.'

डबलवाल्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे 'स्टार वॉर्स'मधला बोबा फेट. १९७९ मध्ये केनर ही अमेरिकन कंपनी पाठीवरून रॉकेट सुटणारा बोबा फेट काढणार होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातलं छोटं मिसाइल घशात अडकून एक मूल दगावलं, आणि केनरने रॉकेटवाली आवृत्ती बाजारात आणलीच नाही. उरले ते थोडेसे नमुने. त्यातला हाताने रंगवलेला एक २०२४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला!

आता गंमत बघा. तो महाग झाला कारण तो जपून ठेवायची वस्तू म्हणून कुणी विकलाच नव्हता. त्या काळातली साधी खेळणीही पोरांनी धुळीत लोळवली, खोकी फाडली, आयांनी उरलंसुरलं फेकून दिलं. म्हणून सीलबंद सापडलं की सोनं. याउलट ३ मे १९९९. 'स्टार वॉर्स'च्या नव्या सिनेमाची खेळणी घ्यायला अमेरिकेत मध्यरात्री दुकानं उघडली. बाप्या माणसांनी खोकीच्या खोकी उचलली आणि न फोडता माळ्यावर टाकली. त्यातली बरीचशी आजही मूळ किमतीच्या आसपास मिळतात, कधी त्याहून स्वस्त. सगळ्यांनीच जपली, मग दुर्मीळ कशी होणार?

'कलेक्टिबल' असं छापून येणाऱ्या प्रत्येक फिगरचं हेच दुखणं आहे. त्यात साचा आणि लायसन्स कंपनीच्या हातात. २००८ च्या सिनेमातला आयर्न मॅनचा मार्क ३ सूट हॉट टॉइजने आधी प्लॅस्टिकमध्ये काढला, पुढे डायकास्ट धातूत काढला. नवा माल जास्त देखणा असला की जुन्याचा भाव पडतो. लबुबूचंच घ्या ना. जून २०२५ मध्ये बीजिंगमधल्या लिलावात माणसाएवढा लबुबू १० लाख ८० हजार युआनला गेला, पेपरभर फोटो आले. त्याच महिन्यात पॉप मार्टने नेहमीच्या लबुबूचा माल पुन्हा बाजारात सोडला आणि ब्लॅकवाल्यांचे भाव धाडकन खाली आले.

आता आपल्या खिशाचा हिशेब. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. कुरिअरने स्वतःसाठी मागवलं तरी ड्युटी आणि भाडं सुटत नाही. समजा घरी येईपर्यंत ४० हजार पडले. हेच पैसे सात टक्क्यांच्या एफडीत पाच वर्षांनी साधारण ५६ हजार होतात. फिगरने तेवढे हातात द्यायचे आणि विकणाऱ्या साइटने १३ टक्के कट घेतला असं धरलं, तर ती साडेचौसष्ट हजारांना जायला हवी. घेणार कोण? परदेशातला ग्राहक तुमची ड्युटी का भरेल? आणि इथले शौकीन मोजके, तेही घासाघीस करणारे. (क्रेडिट कार्डावर ड्यू ठेवून घेतली असेल तर हिशेबच नको. वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज जातं, बॉस!)

वर आपली हवा. हॉट टॉइजच्या जॅकेटांना बऱ्याचदा नकली चामडं असतं. मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात, खोकं न उघडताही. मऊ पीव्हीसी चिकट होतं, उन्हात रंग उडतो, एलईडीवाल्या सूटमध्ये विसरलेले बटन सेल गळतात. एफडीच्या पावतीला निदान सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या लागत नाहीत.

मग घ्यायचीच नाही का? घ्या की! टोनी स्टार्क जीव की प्राण असेल, पैसे शिल्लक असतील, तर बिनधास्त घ्या आणि खोकं फोडा. फक्त म्युच्युअल फंडाची एसआयपी थांबवून घेऊ नका. बिल, खोकं आणि बाहेरचं तपकिरी कार्टन तेवढं जपून ठेवा. वन बीएचकेत ती खोकी ठेवायची कुठे, हा मात्र ज्याचा त्याचा प्रश्न. बहुतेकांची पलंगाखालीच जातात.