'सून अळणी वाढते' असे लिहिण्याआधी

२०१९ सालची गोष्ट आहे. रविवारची वंदना आटोपून मी विहाराबाहेर चपला घालत होतो, तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ जवळ आले. जयभीम झाला. मग मला जरा बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, एक अर्ज लिहून द्या. सून मला मुद्दाम अळणी वाढते. कधी कधी शिळं वाढते. पोरगाही तिलाच सामील आहे." नगरपालिकेत आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब वर्षानुवर्षे यांच्याकडे, आणि त्यात एक रुपयाची चूक कधी कुणाला सापडली नाही. अशा माणसावर अविश्वास दाखवण्याचे मला काहीच कारण नव्हते.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेला कायदा आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. प्रांताधिकारी न्यायाधिकरण म्हणून बसतात आणि मुलाकडून दरमहा खर्च मागता येतो. या कायद्याच्या कलम १७ ने वकिलाला तेथे उभे राहण्यास मज्जाव केला आहे (केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते कलम अमान्य केले, तो वेगळा विषय). पण अर्ज लिहून घ्यायला लोक आमच्याकडेच येतात. मी अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य असे होते की, सामनेवाल्याची पत्नी अर्जदारास हेतुपुरस्सर बेचव व शिळे अन्न देऊन त्यांचा छळ करीत आहे. यातील 'हेतुपुरस्सर' हा शब्द माझा. त्यांनी 'मुद्दाम' म्हटले होते, मी त्याला कायद्याचा कोट चढवला.

तारखेला सून आली होती. ती म्हणाली, "साहेब, एकाच पातेल्यातलं आम्ही सगळे खातो. मामांसाठी वेगळं अळणी करायला मला वेळ कुठाय?" तिचे कुणी फारसे मनावर घेतले नाही, मीही नाही. शेवटी तडजोड झाली. मुलाने महिन्याला रक्कम द्यायची आणि वडिलांनी खानावळीचा डबा लावायचा. दोन महिन्यांत खानावळवाल्याविरुद्ध तीच तक्रार सुरू झाली. डबा बदलला. तिसऱ्या डब्यालाही चव नव्हती. माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवे होते. तीन घरचे स्वयंपाकी एका म्हाताऱ्याविरुद्ध कट करतील काय?

२०२१ मध्ये ते पेन्शन काढायला गेले आणि घरचा रस्ता विसरले. मुलगा आणि सून त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेले, सोबत मीही होतो. तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश, त्यातला अल्झायमर, असे निदान झाले. तेथील डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारले, "यांना वास येतो का? जेवणाची तक्रार कधीपासून आहे? कोरोना झाला होता का?" कोरोना झाला नव्हता, आणि तक्रार तर त्याच्या आधीची. सुनेने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले. डॉक्टर म्हणाल्या, आज मागे वळून खात्रीने सांगता येणार नाही, पण आजाराची सुरुवात तेव्हाच झाली असण्याची बरीच शक्यता आहे.

वाचक म्हणतील, चळवळीच्या पानावर हा नाकाचा विषय कशाला? त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार, भारतातील साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त आढळले. आपल्या गावाकडच्या आजीचा विचार करा. ती या तिन्ही रकान्यांत बसते.

आता चवीचा आणि विस्मरणाचा संबंध काय, ते पाहू. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी एक पाचवी चव एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सारे नाकाचे काम. घरी करून पाहा. नाक घट्ट दाबून बडीशेप चावा. जरासे गोड लागेल, बाकी भुसा. नाक सोडले की क्षणात बडीशेप 'कळते'. तोंडातल्या घासाचा वास घशामागून वर नाकात जातो, तेव्हा कालवणाला कालवणपण येते. २०२० च्या कोरोनात ज्यांचा वास गेला होता, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नाकाच्या वरच्या भागात असलेल्या मज्जापेशी वासाची वर्दी मेंदूच्या तळाशी पोहोचवतात, आणि तेथून ती ज्या भागात जाते तो स्मरणाच्या केंद्राला अगदी चिकटून आहे. हायको आणि एव्हा ब्राक या जर्मन संशोधकांनी १९९१ साली अल्झायमरचा आजार मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतो ते मांडले. टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते सर्वात आधी जेथे दिसतात, त्यात नेमका हाच शेजार येतो. म्हणून नातवाचे नाव विसरण्याच्या कितीतरी आधी वासाची ओळख पुसट होऊ शकते. कंपवातात आणि त्याच्याशी नाते असलेल्या ल्युवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही असेच घडते. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणाऱ्या प्रकारात तर माणूस एकाएकी गोडावर तुटून पडतो, आणि घरचे म्हणतात, म्हातारपणी जिभेचे चोचले वाढले.

यातली सर्वात महत्त्वाची बाब अशी की, ज्याचा वास जातो त्याला तो गेल्याचे बहुधा कळतच नाही. मोतीबिंदू झाला तर माणूस म्हणतो, मला दिसत नाही. येथे माणूस म्हणतो, भाजी बिघडली. त्याच्या दृष्टीने तो शंभर टक्के खरे बोलत असतो. आणि पातेल्यातली भाजी चांगलीच असते, त्यामुळे सूनही खरेच बोलत असते. दोन खऱ्यांच्या भांडणात आपण मात्र एक गुन्हेगार शोधत बसतो, आणि तो बहुतेक वेळा चुलीपुढे उभा असलेला सापडतो. गंमत अशी की, २००७ च्या कायद्यातील 'मुले' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. जबाबदारीच्या व्याख्येत जिचे नाव नाही, तिचे नाव प्रत्येक अर्जाच्या मजकुरात असते.

भांडणापुरतेच हे थांबले असते तरी एक वेळ चालले असते. चव लागत नाही म्हणून माणूस वरून मीठ घेतो, आणि रक्तदाब आधीच असतो. साखर घेतो, आणि मधुमेह असतो. किंवा जेवणच सोडतो आणि वजन झपाट्याने उतरते. आंबलेली डाळ निमूटपणे खातो. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. पण ज्याच्या नाकाला ते कळत नाही, त्याच्यासाठी ती व्यवस्था नसल्यातच जमा. शिवाय आपल्या कपड्यांना लघवीचा वास येतो हे त्या माणसाला समजत नाही. घरातली पोरे नाक दाबतात, शेजारीण पुढ्यात बोलून दाखवते. नाक मुरडण्याचा अपमान काय असतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. तो अपमान आपल्याच घरात, आपल्याच माणसाच्या वाट्याला का यावा?

याचा अर्थ ज्याचा वास गेला त्याचे डोके जाणार, असा मुळीच नाही. वयाने वास कमी होतो. जुनी सर्दी, सायनस, तंबाखू, मिश्री, काही औषधे, मधुमेह, कोरोना, ही सारी कारणे आहेत. आपल्या वस्त्यांत आणखी एक कारण आहे. ज्यांनी उमेदीची वर्षे गटारात उतरून काढली, त्यांच्या नाकाने हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोसलेले आहेत. हा वायू जास्त प्रमाणात असला की आधी वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, म्हणून तर माणूस सावध न होता आत कोसळतो. अशा निवृत्त सफाई कामगाराला दवाखान्यात नेताना त्याने आयुष्यभर काय काम केले हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असे नाही.

वासाच्या चाचण्याही आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८४ साली ४० वासांची एक चाचणी तयार झाली. कागद खरवडायचा, हुंगायचा आणि चारातून एक नाव निवडायचे. ती जगभर वापरली गेली. पण वास तिकडच्या घरातले. जिने ते पदार्थ कधी पाहिले नाहीत, तिला ते ओळखता आले नाहीत तर दोष कुणाचा? पीनट बटरने अल्झायमर ओळखता येतो असे २०१३ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी म्हटले होते. दुसऱ्या संशोधकांनी पडताळले तेव्हा तसे आढळले नाही. तेव्हा घरच्या घरी चमचा नाकाला लावून निदान करण्याच्या फंदात पडू नये. मात्र आजीला सुकट भाजल्याचा वास आला नाही, भाकरी करपली तरी ती तव्यापुढे तशीच बसून राहिली, तर ते ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगावे. ज्या सुकटीच्या वासावरून शहरात आम्हाला भाड्याची खोली नाकारली गेली, तो वास तिच्या नाकाला कळत नसेल तर काहीतरी बिनसले आहे.

एक इशारा मात्र वकील म्हणून दिलाच पाहिजे. शिळे अन्न खरोखर वाढले जाते, उपाशी ठेवले जाते, अशी घरे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. उद्या हा लेख पुढे करून एखादा मुलगा म्हणेल, आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, तिचे डोके फिरले आहे; आणि त्याच महिन्यात घर नावावर करून घेईल. म्हणून तक्रार ऐकूनच घ्यायची. फक्त ती तपासायची. कायद्यात समेट अधिकाऱ्याची तरतूद आहे. त्याने एकदा न कळवता जेवणाच्या वेळी त्या घरी जावे आणि त्याच पातेल्यातला एक घास खाऊन पाहावा. पंचनाम्यापेक्षा त्यात जास्त कळेल. डाळ चांगली निघाली तर म्हाताऱ्याला दटावायचे नाही, दवाखान्यात न्यायचे. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता अशा बऱ्या होणाऱ्या कारणांनीही विस्मरण होते, ती आधी तपासली जातात. आणि आजार लवकर कळला तर माणूस शुद्धीत असतानाच मृत्युपत्र करू शकतो, पेन्शनची व्यवस्था लावू शकतो.

विहारांमधून आरोग्य शिबिरे होतात. रक्तदाब, साखर, चष्मे, आणि शेवटी मान्यवरांचे सत्कार. सत्काराची पाच मिनिटे कमी करून प्रत्येक ज्येष्ठाला एवढेच विचारावे, जेवणाला चव लागते का, आणि नसेल तर कधीपासून? हाच प्रश्न घरच्यांनाही वेगळा विचारावा. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर तेही लिहून ठेवावे.

निदानानंतर ते गृहस्थ मुलाकडेच राहिले. सुनेने स्वतःच युक्त्या शोधल्या. मिठाऐवजी लिंबू पिळायची, ठेचा लावायची, भाकरी कुरकुरीत भाजायची, जेवण गरम असतानाच पुढ्यात ठेवायची. रात्री रेग्युलेटर बंद करून मगच झोपायची. कधी ते पोटभर जेवत, कधी ताट ढकलून देत. तिचे नाव त्यांना शेवटी आठवत नव्हते.

२०२३ मध्ये ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणावळ उठल्यावर ती पाणी घेऊन माझ्याजवळ आली आणि विचारले, "भाऊ, तो अर्ज प्रांत हापिसात अजून असेल का?"

मी म्हणालो, असेल.

"त्यात मी मुद्दाम करते असं लिहिलंय ना?"

मी हो म्हणालो. तिने रिकामा पेला घेतला आणि ती आत भांडी घासायला गेली.