गिनी तीच, रुपया निराळा

दिवाळी आली की मराठी घरात दोन डबे उघडतात. एक फराळाचा आणि दुसरा कपाटाच्या आतल्या कप्प्यातला. पहिला चार दिवसांत रिकामा होतो. दुसरा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. त्यात कुठे पुतळ्यांची माळ, कुठे एखादी मोहोर, तर कुठे लाल फडक्यात बांधलेल्या दोन-चार गिन्या.

ही सारी नाणी, पण प्रत्येकीचे कूळ वेगळे. पुतळी मूळची व्हेनिस शहराची. साडेतीन ग्रॅमची आणि जवळजवळ निखळ सोन्याची. कंपनी सरकारची १८३५ ची मोहोर बरोबर एक तोळ्याची. आणि आपण जिला गिनी म्हणतो, ती म्हणजे १८१७ साली निघालेला इंग्रजी सॉव्हरिन. गिनी हे त्याच्याआधीच्या नाण्याचे नाव. नाणे गेले, नाव आपल्या जिभेवर राहिले. भाषेत हे असे चालायचेच!

आता भावाचे पाहा. गिनीत शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम, त्यात आजतागायत गुंजभर फरक नाही. १८९९ च्या कायद्याने तिची किंमत ठरली १५ रुपये. १९२७ साली सरकारने रुपयाचा दर बदलला, आणि तीच गिनी १३ रुपये ५ आणे ४ पैची झाली. म्हणजे चक्क उतरली! १९३१ साली इंग्लंडने सुवर्णमानाला रामराम ठोकला, सोन्याचा भाव चढला, आणि मंदीने गांजलेल्या आपल्या लोकांनी घरातले डाग मोडले. मुंबईहून बोटी भरभरून सोने विलायतेला गेले.

पुढे १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटहून चोख नवे दागिने घडवायला बंदी झाली, आणि कितीतरी सोनारांच्या भट्ट्या विझल्या. सुवर्णनियंत्रण पुरते उठले ते १९९० साली. भाव मात्र कोणाच्या नियंत्रणात राहिला नाही. १९७०-७१ च्या सरासरी भावाने गिनीतले सोने सुमारे १३५ रुपयांचे होते. १९८०-८१ त अकराशेंचे, २०००-०१ त सव्वातीन हजारांचे, २०१०-११ त चौदा हजारांचे. २०२५ साली दहा ग्रॅमने लाखाची वेस ओलांडली, तेव्हा एकेक गिनी सत्तर हजारांपलीकडे गेली.

हे आकडे ऐकून डोळे फिरतात. पण वाचकहो, मधली वीस वर्षे जरा निरखून पाहा. १९८० ते २००० या काळात गिनी जेमतेम तिप्पट झाली. तोच पैसा बँकेच्या मुदतठेवीत नऊ-दहा टक्क्यांनी ठेवला असता, तर चक्रवाढीने पाच-सहापट झाला असता. सोने सदासर्वकाळ चढतेच, हा समज खरा नव्हे. पुष्कळदा सोने जागच्या जागी असते. झिजतो तो आपला रुपया.

हा हिशेब मांडायचे कारण घडले ते आमच्या माजिवड्यात. घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो त्या नाक्याच्या आसपास आता उंच मनोरे झाले आहेत; पण त्यांच्या सावलीत अजून बिनलिफ्टच्या जुन्या इमारती उभ्या आहेत. अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्यापाशी सासूबाईंनी दिलेल्या चार गिन्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची, तर त्या मोडाव्यात असे त्यांच्या मनात होते. मुलगे म्हणाले, “आई, आत्ता नको. भाव आणखी चढेल.”

आजींनी मला विचारले. मी वरचे सारे आकडे सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सर, भाव चढेल हो, पण मला जिना चढायचाय!”

यावर मी काय बोलणार? भिंगातून गिन्या तेवढ्या पाहून दिल्या. त्यांतली एक १९१८ ची, घोडेस्वाराच्या खाली जमिनीवर बारीकसे ‘आय’ अक्षर असलेली. म्हणजे आपल्या मुंबईच्या टांकसाळीतली! महायुद्धामुळे त्या एकाच वर्षी तिथे सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडले गेले. असे नाणे वजनावर आटणीत घालण्याआधी जाणकार संग्राहकाला दाखवावे, एवढे मी सुचवले. सोनार सोन्याचे पैसे देतो. इतिहासाचे देत नाही.

बाकीच्या तीन आजींनी मोडल्या. मुलगे थोडे हिरमुसले. पण सासूबाईंनी गिन्या दिल्या त्या अडीअडचणीला म्हणूनच ना? अडचण दारात उभी असताना डबा मिटून भावाची वाट पाहत बसणे, ही काटकसर नव्हे. ती सोन्याची चाकरी झाली.