पैसे भरले म्हणजे कचरा संपला?

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. एरवी मी असल्या मीटिंगांच्या वाटेला जात नाही. पण यावेळी विषय होता रोज कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना बंद करून एका कंत्राटदाराची गाडी लावण्याचा. कारण काय, तर मावशी फार कटकट करतात! ओला-सुका वेगळा नसेल तर पिशवी उचलतच नाहीत. कंत्राटदार मात्र सगळं एकत्र न्यायला तयार. झालं, विषय पाच मिनिटांत मंजूर होणार होता.

मी उठून विचारलं, मावशींच्या हाताला तीन आठवडे पट्टी होती, ती कोणी पाहिली का? आपल्याच इमारतीतल्या एका पिशवीत भाजीच्या देठांखाली फुटका ग्लास होता. कोणाच्या घरातला ते माहीत नाही. कदाचित माझ्याही असेल, कारण तोवर मीही हाताला येईल त्या डब्यात कचरा टाकत होतो.

यावर एक काका म्हणाले, "अरे, पण आपण महिन्याचे पैसे देतो ना!"

देतो की. पण ते पैसे दारातून कचरा नेण्याचे आहेत, आपली घाण हाताने उपसण्याचे नाहीत. शिवाय पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या कचरावेचकांची कमाई दुहेरी असते: थोडी आपल्या शुल्कातून, थोडी भंगार विकून. वर्तमानपत्रावर आमटी सांडली की त्याची रद्दी होत नाही. म्हणजे एकत्र कचरा देऊन आपण मावशींचा हातही कापतो आणि मजुरीही.

बरं, ही कटकट मावशींनी काढलेली नाही. कचरा वेगळा करायला सांगणारे केंद्राचे नियम २००० साली आले. २०१६ च्या नियमांनी तर स्पष्टच सांगितलं की ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग ज्याचा कचरा त्यानेच करायचे. डायपर, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचे. वीसहून जास्त वर्षं जे कागदावर आहे ते कोणीतरी दारात उभं राहून पाळायला लावतंय, तर आपण तिलाच काढणार?

आता नेहमीचा मुद्दा. "शेवटी पुढे गाडीत सगळं एकत्रच करतात." काही ठिकाणी करतातही, मी स्वतः पाहिलंय. पण आमच्याकडे मावशी सुका कचरा गाडीपर्यंत जाऊच देत नाहीत. आमच्या पार्किंगमागच्या शेडमध्ये बसून पुठ्ठा, बाटल्या, पत्रा आधीच वेगळा काढतात. आणि गाडीवाला चुकत असेल तर त्याची तक्रार करा ना. मी रोज प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरतो. पुढचा माणूस चुकतोय म्हणून आपणही चुकीचा डेटा पाठवायचा, हे उत्तर ऑफिसात दिलं तर बॉस मला घरी पाठवेल.

कंत्राटदाराची गाडी सगळं एकत्र नेईल, पण कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की शहरात कुंड्या तुंबायच्या, आणि आपण नाकाला रुमाल लावून गावकऱ्यांनाच नावं ठेवायचो. कचऱ्याला "बाहेर" नावाची जागा नसते हो. असते ती कोणाच्या तरी शेताशेजारी.

असो. मीटिंगमध्ये बरीच आरडाओरड झाली. निर्णय महिनाभर पुढे ढकललाय, म्हणजे मी जिंकलो वगैरे काही नाही. घरी मात्र ओट्याखाली आता दोन डबे आहेत, आणि फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर "काच" असं लिहून मावशींच्या हातात देतो. दिवसाला दोन मिनिटं जातात. तेवढी तर आपण चहाची वाट पाहण्यात घालवतो.