एएनए पॉझिटिव्ह? बरं, मग?

गेल्या वर्षभरात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिघीजणींचे 'एएनए पॉझिटिव्ह' रिपोर्ट येऊन पडले. तिघींनाही ल्युपस नाही. पण तिघींनीही नेटवर नको नको ते फोटो बघून आठवडाभराची झोप घालवली. तेव्हा मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीज. काचपट्टीवर 'हेप-२' नावाच्या मानवी पेशी असतात. त्यांच्यावर आपल्या रक्तातलं सीरम पातळ करून घालायचं, मग चमकणारं द्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. किती पातळ केलं तरी चमक दिसते, तो आकडा म्हणजे टायटर. १:४०, १:८०, १:१६० असा तो चढत जातो.

आता गंमत बघा. १९९७ साली १५ प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांचं रक्त तपासलं. १:४० ला त्यातले जवळजवळ ३२ टक्के पॉझिटिव्ह निघाले! १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५, आणि १:३२० लासुद्धा ३ टक्के. सगळे ठणठणीत बरं का.

जरा शाळेतलं गणित करू. हजार बायकांत एकीला ल्युपस आहे असं धरा (मी सढळ हाताने धरतोय). सरसकट सगळ्यांची तपासणी केली तर १:८० ला ती एक सापडेल, आणि तिच्याबरोबर सव्वाशेहून जास्त निरोगी बायका पॉझिटिव्ह म्हणून घाबरतील. गुडघे दुखतात, थकवा येतो, एवढ्यावर ही तपासणी लिहून देणाऱ्यांनी आणि ती 'पॅकेज'मध्ये कोंबणाऱ्यांनी हे गणित कधी केलंय का? की केलंय म्हणूनच कोंबतात?

कारण गोष्ट तिथे थांबत नाही. आमच्या एका मावशीच्या रिपोर्टवर ठळक अक्षरात फक्त 'पॉझिटिव्ह' होतं. टायटर नाही, चमक कुठल्या नमुन्याची ते नाही, तपासणी कुठल्या पद्धतीने केली तेही नाही. खाली मात्र 'एएनए प्रोफाइल करून घ्यावे' अशी प्रेमळ सूचना, म्हणजे आणखी काही हजार रुपये. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की एएनए पॉझिटिव्ह आणि आजाराची खरी शंका, ही दोन्ही असल्याशिवाय पुढच्या अँटीबॉडीज तपासू नका.

"करून घेतलेली बरी, मनाला समाधान," असं आमचे काका म्हणतात. काका, कसलं समाधान? झोप उडाली ना घराची!

तपासणी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पंचविशीतली मुलगी, बोटांचे सांधे सुजतात, उन्हात गेलं की गालांवर पुरळ उठतं, तोंड येतं, केस गळतात... तिची एएनए केलीच पाहिजे. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, आणि नेमकं अशा मुलींनाच "टेन्शन घेऊ नकोस, लग्न झालं की बरं वाटेल" असं सांगून परत पाठवतात. याची चीड पहिल्यापेक्षाही जास्त येते. इथे निगेटिव्ह रिपोर्टही कामाचा, कारण नीट केलेल्या तपासणीत ल्युपसचे जवळपास सगळे रुग्ण पॉझिटिव्ह येतात. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही १:८० हा फक्त उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर लक्षणांचे आणि इतर तपासण्यांचे गुण मोजतात, दहा झाले तर पुढची गोष्ट.

आणि लघवीची साधी तपासणी? ल्युपस किडनीला धरतो तेव्हा बरेचदा काही दुखत नाही, फक्त लघवीतून प्रथिनं जायला लागतात. शे-दीडशे रुपयांत कळतं. पण मावशीच्या त्या जाडजूड फायलीत तेवढा एक कागद नव्हता.

अजून एक राहिलंच. ज्यांना ल्युपस आहे हे ठरलेलं आहे, त्यांचीही दर सहा महिन्यांनी एएनए करणारे महाभाग आहेत. ती पॉझिटिव्हच येणार हो! आजार उसळतोय का हे बघायला डीएस-डीएनए, सी३, सी४ आणि पुन्हा तीच बिचारी लघवी.