टेपने मोजलेली मराठी

गेल्या शनिवारी संध्याकाळी कर्वे रोडच्या सिग्नलला अडकलो होतो. आजूबाजूच्या पाट्या वाचण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. समोर एक नवं कॉफीचं दुकान. इंग्रजी नाव पितळी अक्षरांत, प्रत्येक अक्षरामागे मंद दिवा, दोन अक्षरांमधलं अंतरसुद्धा कुणीतरी डोकं लावून ठरवलेलं. आणि खाली तेच नाव मराठीत. मंगल फॉन्टमध्ये. तेही नुसतं मंगल नव्हे, माउसने दोन्ही बाजूंना धरून ताणलेलं. उभे दंड खांबाएवढे जाड आणि शिरोरेघ दोऱ्याएवढी बारीक. लग्नात नाइलाजाने आमंत्रण दिलेला पाहुणा शेवटच्या पंगतीत कोपऱ्यात बसतो ना, अगदी तशी ती अक्षरं बसली होती.

तर मुद्दा असा. मराठी पाट्यांची कायदेशीर लढाई आपण जिंकलो आहोत. २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असं ठरलं. व्यापारी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. छानच झालं. मी या कायद्याच्या बाजूचा आहे आणि त्यावर वाद घालायला हा लेख लिहीत नाहीये.

माझी तक्रार पुढची आहे. इन्स्पेक्टर टेप घेऊन येतो, अक्षराची उंची मोजतो आणि जातो. ते अक्षर कसं दिसतंय हे बघणं त्याचं काम नाही. ते काम आपलं होतं. आणि 'आपलं' म्हणजे कॉफी प्यायला त्या दुकानात जाणाऱ्या, ते दुकान डिझाइन करणाऱ्या, त्याचं अ‍ॅप लिहिणाऱ्या पगारदार मराठी मंडळींचं.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, वाचता येतंय ना? मग झालं तर!" हाच तो युक्तिवाद, ज्याची मला चीड आहे. त्याच मित्राने स्वतःच्या स्टार्टअपच्या इंग्रजी लोगोसाठी दीड महिना घातला होता. निळा रंग थोडा जास्त निळा झाला म्हणून डिझायनरला रात्री अकराला फोन केला होता. तिथे नाही म्हणाला, "वाचता येतंय ना?" मराठीची वेळ आली की मात्र आपण सगळे एकदम साधेसुधे, काटकसरी होतो.

बरं, यात मंगलची काही चूक नाही. तो फॉन्ट र. कृ. जोशींनी केला. २००८ मध्ये वारलेला हा माणूस कवी, सुलेखनकार आणि शिक्षक होता, आणि देवनागरी कॉम्प्युटरवर नीट दिसावी म्हणून झटला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बारीक आकारात, मेन्यू आणि खिडक्यांमध्ये वाचता यावा म्हणून मंगल बनला. ते काम त्याने चोख केलं. आता त्यालाच ताणून वीस फुटी पाटीवर चढवायचं आणि वर म्हणायचं की मराठी फॉन्टच कुरूप असतात! शर्टाचं कापड पडद्याला लावलं तर दोष कापडाचा की लावणाऱ्याचा?

"पूर्वी पेंटर होते तेव्हा काय मजा होती" असंही मी म्हणणार नाही. पेंटरच्या पाट्यांवर 'आर्शीवाद' लिहिलेलं अजूनही सापडेल. पण त्या पेंटरला एक गोष्ट माहीत असायची. पाटी कितीही छोटी असो, मराठी अक्षर आधी आखायचं, मग रंगवायचं. एसटीवरच्या गावांच्या पाट्या आठवा. लांबून, धुळीतून, धावत येणाऱ्या माणसाला 'सातारा' वाचता यायचं. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. २०२० मध्ये गेलेल्या कमल शेडग्यांनी कितीतरी नाटकांची नावं अशी काढली की नाटक गंभीर आहे की विनोदी, हे वाचायच्या आधीच कळायचं. ही काही आर्ट गॅलरीतली कला नव्हती. सकाळी चहाबरोबर हातात यायची आणि संध्याकाळी रद्दीत जायची. तरीही कुणी "वाचता येतंय ना" म्हणून उरकलेली नव्हती.

पुढची सबब ठरलेली असते, "चांगले मराठी फॉन्ट मिळतच नाहीत." वीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरं होतं. मी स्वतः श्री-लिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्यामुळे रात्री घालवल्या आहेत. पण आज? मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट फुकट आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद फुकट आहे. पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी आहे, नावातच मराठी. २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा असं सांगितलंय. काही फॉन्टमध्ये ही वळणं आधीपासून दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये सांगितलं की ती बाहेर येतात. एका ओळीचं काम! ती ओळ आपण लिहीत नाही, कारण आपल्याला ल कडे बघायची सवयच उरलेली नाही.

आता स्वतःबद्दल. एका जुन्या कंपनीत आम्ही औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप केलं होतं. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवलेली. मराठी निवडली की वरच्या मात्रा आणि अनुस्वार कापले जायचे. मात्रा कापलेला 'दोन' कसा दिसतो? 'दान'. 'जेवणानंतर दोन गोळ्या'चं झालं 'जवणानतर दान गाळ्या'. टेस्टिंगच्या मुलीने रीतसर बग नोंदवला. मी हसलो, त्याचा फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला आणि बगला 'लो प्रायॉरिटी' लावली. दोन रिलीज तो तसाच राहिला. इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराची शेपटी कापली गेली असती तर त्याच रात्री सगळ्यांना थांबवून घेतलं असतं.

आणि सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडणारं माणूस कोण होतं? मी नव्हतो, माझा फोन इंग्रजीत असतो. ती बहुधा माझ्या आईच्या वयाची कुणी बाई होती. इंग्रजी येत नाही म्हणून तिने मराठी निवडली, आणि मी तिला 'दान गाळ्या' वाचायला दिल्या. ती बिचारी समजून घेत असेल. आपली मराठी माणसं तुटक्या अक्षरांतून अर्थ लावण्यात पटाईत झाली आहेत. हे आपण त्यांच्यावर लादलेलं कौशल्य आहे.

दुसरीकडे २७ फेब्रुवारीला बघा. सगळ्यांच्या डीपीवर बोरूच्या फटकाऱ्याचा देखणा 'म'. टी-शर्टवर सुलेखन, साडीच्या पदरावर बाराखडी, दिवाणखान्यात अक्षरांची फ्रेम. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तर फॉरवर्डचा पूर आला. मला सुलेखन आवडतं. पण भिंतीवर मराठी सुंदर आणि औषधाच्या सूचनेत, सोसायटीच्या नोटिशीत, लिफ्टमधल्या पाटीत ती मोडकी, याला प्रेम म्हणत नाहीत. चांदीची भांडी शोकेसमध्ये ठेवून पाहुण्याला पोचे आलेल्या ताटात वाढण्यातला हा प्रकार आहे.

म्हणून सोमवारी ऑफिसला गेल्यावर एक करा. तुमच्या प्रॉडक्टची भाषा मराठी करा आणि दहा मिनिटं वापरून बघा. मात्रा कापली जातेय? 'दऱ्या'चा 'दर्या' झालाय? वेलांटी उडून शेजारी गेलीय? बग नोंदवा, आणि त्याची प्रायॉरिटी इंग्रजीतल्या तशाच बगला जी लावली असती तीच लावा. दुकान काढत असाल तर मराठी नाव इंग्रजी नावाच्याच मीटिंगमध्ये, त्याच डिझायनरकडून, त्याच बजेटमध्ये करून घ्या. शेवटच्या दिवशी फ्लेक्सवाल्याला फोनवर नाव सांगू नका.

माझा तो बग शेवटी मीच दुरुस्त केला. ओळीची उंची वाढवली, बस. जेवायला जायच्या आधी काम संपलं होतं.