लाभार्थी की हक्कदार?

भाषा विचाराला घडविते की विचार भाषेला, हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. चळवळीतील कार्यकर्त्याला मात्र त्याची एक बाजू नजरेआड करता येणार नाही.

बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन भाषाभ्यासक पोटासाठी आगविमा कंपनीत नोकरी करी. आगींची कारणे तपासताना त्याला आढळले की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वावरतात. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बेफिकीरपणे सिगारेटी ओढतात. वस्तुतः रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ असते. धोका तिथेच अधिक. ‘रिकामे’ या शब्दाने त्यांना बेसावध केले होते.

मराठीने हा शब्द माणसालाही लावला. काम न मिळालेला तो ‘रिकामा’. ‘बेकार’ म्हणजे काम नसलेला, आणि कुचकामीसुद्धा! पाऊस न पडल्याने किंवा गिरणी बंद पडल्याने ओढवलेली अवस्था अशा रीतीने त्या माणसाचाच दुर्गुण होऊन बसते. केन्सने 1936 साली अनैच्छिक बेकारीची मीमांसा केली. आमच्या बोलण्यात ती अजून उतरलेली नाही.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. 1972 च्या दुष्काळात माणसे ‘दुष्काळी कामावर’ खडी फोडीत. काम काढणे न काढणे सरकारच्या हाती. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर भत्ता, असे बंधन घातले. ‘हमी’ हा शब्द मजुराच्या तोंडी आला आणि तहसीलदारापुढे हात जोडणाऱ्याला जाब विचारता येऊ लागला. हे एकट्या शब्दाने केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कायदा आणि संघटना पाठीशी नसत्या, तर तोही पोकळच राहिला असता. पण काय मागायचे त्याचे नाव संघटनेला मिळाले, हे थोडे नव्हे.

आता कागदोपत्री सर्वत्र ‘लाभार्थी’ आहे. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा धरणारा, याचक. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याला हक्काचे स्वरूप दिले. तरी ते धान्य घेणारी बाई लाभार्थीच! त्याहून खेदाची गोष्ट अशी की, आपली पत्रकेही तिला त्याच नावाने हाक मारतात. ‘हक्कदार’ हा शब्द लोकांना जड वाटतो, ही सबब मला पटत नाही. ज्या खेड्यात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही करून घेतली जाते, तिथे हक्क म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.